लुकलुकणारे रील आणि अपस्मार : नुसती सूचना पुरेशी आहे का?

मैत्रेयी (धागाकर्ती)

आम्ही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे काही विद्यार्थी प्रकाशसंवेदी अपस्मार, म्हणजे लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे येणारी आकडी, आणि ऑनलाइन व्हिडिओ या विषयावर प्रकल्प करत आहोत आणि त्याचे भित्तिपत्रकही लावणार आहोत. अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांना हा त्रास असतो आणि तो बहुधा शाळा-कॉलेजच्या वयातच प्रथम दिसतो. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप धोक्याची मानतात. त्यातही १५ ते २५ हा टप्पा सर्वांत वाईट. आता रील कसे बनते ते पाहा. ३० फ्रेमच्या व्हिडिओत डीजेच्या ठोक्यावर एकाआड एक फ्रेम पांढरी टाकली की सेकंदाला बरोबर १५ उघडझापी होतात. एडिटरला फक्त दणका हवा असतो, पण नको तो आकडा त्याने नेमका गाठलेला असतो.

वेबसाइटसाठीच्या सुगम्यतेच्या निकषांत सेकंदाला तीनपेक्षा जास्त उघडझापी नसाव्यात असे म्हटले आहे, आणि अमेरिकेतील ट्रेस सेंटरचे ‘पीट’ हे मोफत साधन व्हिडिओतील धोक्याच्या जागा दाखवू शकते. म्हणून आमचे मत असे की व्हिडिओवर सूचना चिकटवून भागणार नाही. तपासणी व्हिडिओ चढवण्याआधी झाली पाहिजे. आपल्याला हा त्रास आहे हे अनेकांना पहिली आकडी आल्यावरच कळते. अशा माणसाने ती सूचना वाचून काय करायचे?

शरद क.

मैत्रेयी, तुमची तळमळ पटते, प्राधान्यक्रम पटत नाही. आपल्याकडे अजूनही फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवतात, दातखीळ उघडायला तोंडात चमचा घालतात, लग्न ठरवताना आजार लपवतात आणि दोन महिने बरे गेले की गोळ्या परस्पर बंद करतात. हे सगळे सोडून शंभरातल्या तिघांसाठी मोहीम कशाला? उलट उरलेल्या सत्त्याण्णव मुलांचे आईवडील घाबरून त्यांचा मोबाइल, सिनेमा आणि गणपतीची मिरवणूकही बंद करतील, आणि वैद्यकीय कारण नसताना त्या मुलांवर आणखी एक बंधन येईल. शिवाय मोबाइलचा पडदा तो केवढासा! जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी पोकेमॉनच्या एका भागातील लाल-निळ्या लखलखाटामुळे सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले, पण तो दूरचित्रवाणीचा मोठा पडदा होता.

निशिगंध

मी मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढण्याचे काम करते. शरदराव, पडद्याच्या आकाराचा तुमचा मुद्दा मला मान्य नाही. मैत्रेयीने सांगितलेल्या वेबसाइटच्या निकषांत दृष्टिक्षेत्राचा दहा अंशांचा भाग धरतात आणि त्याचा चौथा हिस्साही एकाच वेळी लुकलुकत असेल तर तो धोका मानतात. मोबाइल ३० सेंटिमीटरवर धरला तर हा चौथा हिस्सा दहा रुपयांच्या नाण्याएवढा भरतो. रात्री दिवा मालवून, पांघरुणात मोबाइल नाकाशी धरणाऱ्या मुलाचे काय होत असेल, याचा अंदाज करा.

तपासणीत आम्हीही रुग्णासमोर दिवा लुकलुकवतो आणि वेग टप्प्याटप्प्याने बदलतो. आलेखात विशिष्ट लहरी उमटल्या की दिवा लगेच थांबवतो. त्या लहरी दिसल्या म्हणजे अपस्मार आहेच असे मात्र नाही, आणि मुलांच्या भित्तिपत्रकात हे वाक्य यायलाच हवे. दुसरे असे की असा व्हिडिओ अचानक समोर आला तर दोन्ही डोळे मिटून उपयोग नाही, कारण उघडझाप पापण्यांतूनही जाणवते. एका डोळ्यावर तळवा घट्ट ठेवून तोंड फिरवावे.

वाकडी वाट

मी लग्नाचे आणि मिरवणुकांचे व्हिडिओ करतो. खरे सांगायचे तर मंडपातले दिवेच लुकलुकत असतात, तिथे माझ्या कात्रीला दोष देऊन काय उपयोग? टिकटॉकने २०२० पासून असे व्हिडिओ बनवणाऱ्यांना इशारा द्यायला सुरुवात केली, आणि २०२३ पासून आयफोनमध्ये लखलखाट मंद करण्याची सोय आहे. ज्याला त्रास आहे त्याने ती सुरू करावी. उद्या यंत्राने तपासून प्रत्येक रील अडवले, तर फटाक्यांची आतषबाजी आणि वीज चमकतानाचे दृश्यही अडकेल, आणि दाद मागायला समोर माणूस नसेल.

मैत्रेयी

मंडपातले दिवे तुमच्या हातात नाहीत हे कबूल, पण त्यावर आणखी पांढऱ्या फ्रेम टाकणे तुमच्याच हातात आहे. आणि अडवा असे आम्ही म्हणतच नाही. धोक्याच्या जागी चमक आपोआप मंद व्हावी, एवढेच म्हणतो. ब्रिटनमध्ये १९९३ साली एका जाहिरातीमुळे काही प्रेक्षकांना झटके आले आणि दूरचित्रवाणीसाठी नियम झाले. जपानमध्येही १९९७ नंतर तेच घडले. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्याने अपस्माराच्या रुग्णाला इजा व्हावी म्हणून लुकलुकणारी चित्रे पाठवणे गुन्हा ठरवले, पण त्यात दुष्ट हेतू लागतो. आमचा रोख बेपर्वाईवर आहे, आणि बेपर्वा माणसाला समजावता येते.

शरद क.

नाण्याचा हिशेब मी स्वतः करून पाहिला. मोबाइलबद्दलचे माझे म्हणणे मागे घेतो, प्राधान्यक्रमाचे नाही. मात्र प्रकल्प करणारच असाल तर नमुना म्हणून लुकलुकणारा तुकडा कुठेही दाखवू नका. जपानमध्ये त्या रात्री बातम्यांत तेच दृश्य पुन्हा दाखवले गेले आणि आणखी काहींना त्रास झाला. आलेख आणि स्थिर चित्रे वापरा. आणि भित्तिपत्रकाची पहिली ओळ प्रकाशाची नसावी. आकडी आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा, पाच मिनिटे उलटली तर रुग्णालयात न्या, ही असावी. एवढी अट मान्य असेल तर आमच्या सोसायटीच्या फलकावर ते मी स्वतः लावीन.