गच्चीवरचा सिनेमा: कुठला लावायचा?

*सेक्रेटरी:* नमस्कार मंडळी 🙏 गणपतीतल्या शनिवारी गच्चीवर पडदा लावतोय. प्रोजेक्टर डी-१०२ देतायत. सिनेमा कुठला हवा ते रात्रीपर्यंत कळवा. नुसतं नाव नको, का हवा तेही लिहा.

*ए-२०१:* अशी ही बनवाबनवी! १९८८ चा आहे, तरी आमच्या दहावीतल्या चिरंजीवांना तोंडपाठ.

*सी-४०३:* ताई, तो सगळ्यांनी पन्नासदा पाहिलाय. या वेळी फँड्री लावू या. आपली सातवी-आठवीतली मुलं त्यातल्या जब्याच्याच वयाची आहेत. त्याच्या घरचे सगळे डुक्कर पकडायला धावतायत, इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी थांबतात. डुक्कर निघून जातं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला थिएटरात हलता येईना.

*ए-२०१:* सिनेमा चांगलाच आहे, पण सणाला फार जड होईल. छोटी मुलंही असतील.

*सी-४०३:* मग श्वास? आजोबा-नातू आहेत. नातवाची नजर ऑपरेशननंतर जाणार, म्हणून आजोबा त्याला दवाखान्यातून गुपचूप बाहेर नेतात, शहर दाखवायला. अरुण नलावडे त्यात अभिनय करतायत असं वाटतच नाही.

*बी-३०४ काकू:* श्वास मलाही आवडतो. पण मी संत तुकाराम म्हणेन, १९३६ चा, प्रभात फिल्म कंपनीचा. भक्तिपट म्हणून सोडून देऊ नका, त्यातली आवली बघा. गौरी नावाच्या नटीने केली आहे. नवरा अभंगात रमलेला, घरात दाणा नाही, पोर आजारी पडलं की ही देवळात जाऊन विठोबाशीच भांडते, वहाण उगारते. आणि तीच बाई म्हशीला धुताना गाणं म्हणते. लहानपणी मला तिचा राग यायचा. संसार सुरू झाल्यावर पुन्हा पाहिला, तेव्हा कळलं की दिग्दर्शक दामले-फत्तेलालनी तिला खाष्ट दाखवलेलंच नाही. त्या घरात चुलीची काळजी तिला एकटीला आहे, एवढंच. तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हाही ती संसार सोडून जात नाही.

ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट पाहताना मला तीच आवली भेटली. छाया कदमची पार्वती. इस्पितळात स्वयंपाक करते, नवरा गेलेला, खोलीचा कागद नाही, बिल्डर बाहेर काढतोय. शेवटी ती रत्नागिरीकडे गावी परत जाते. आपल्या रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू आहेत, म्हणून तो भाग माझ्या फारच जिव्हारी लागला. आपल्या प्रत्येकाच्या कपाटात इंडेक्स टू, म्हणजे घराच्या नोंदणीचा कागद आहे. तिच्याकडे काहीच नव्हतं. आणि त्याची दिग्दर्शिका पायल कपाडिया शिकली आपल्या पुण्यातल्या लॉ कॉलेज रोडच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे प्रभातच्याच जागेत! आवली जिथे उभी राहिली, त्याच आवारात. २०२४ ला कान चित्रपट महोत्सवात तिला ग्रां प्री मिळालं तेव्हा मला घरातलं कोणी जिंकल्यासारखं वाटलं.

*डी-००१ आजोबा:* काकू, अगदी मनातलं बोललात. एक सांगतो. संत तुकाराममधलं ‘आधी बीज एकले’ कित्येक लोक तुकोबांचा अभंग समजतात. ते शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलं. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा तर असा, की माझ्या आईने पुढे तुकोबा म्हणून दुसरा चेहरा मानलाच नाही.

*ए-२०१:* मुलं ब्लॅक अँड व्हाइटला बसतील का?

*बी-३०४ काकू:* माझी नात बसली. आवली ओरडायला लागली की खुदकन हसायची, आणि शेवटी माझ्या मांडीवर येऊन बसली.

*सी-१०२:* मी ग्रुपवर फारसा लिहीत नाही. साबर बोंडं हा सिनेमा आईबरोबर पाहिला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुलगा मुंबईहून गावी येतो, आणि तिथे त्याचं लहानपणच्या मित्रावरचं प्रेम पुन्हा जागं होतं. नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात. आईला सगळं माहीत असतं आणि ती त्याच्या बाजूने उभी राहते. घरी येताना रिक्षात आईने माझा हात धरला होता. गच्चीवर लावा असं म्हणत नाही, पण सगळ्यांनी पाहावा असं फार वाटतं.

*डी-००१ आजोबा:* बरं झालं लिहिलंस बाळा. मी पाहीन. मला लावून द्यायला ये, चहा आमच्याकडे.

*सी-१०२:* नक्की येतो आजोबा 🙏

*सी-४०३:* संत तुकारामला माझंही मत. फँड्री दिवाळीनंतर लावू, मोठ्या मुलांसाठी वेगळा. शब्द द्या.

*ए-२०१:* दिला. त्या दिवशी माझ्या मुलालाही पाठवते.

*सेक्रेटरी:* ठीक, या वेळी संत तुकाराम. घरच्या ओटीटीवरून गच्चीवर सगळ्यांना दाखवता येत नाही, परवानगी कोणाकडून घ्यायची ते मी उद्याच बघतो. ए-४०१ च्या ताईंना मराठी येत नाही, त्यांच्यासाठी सबटायटल्स हवीत. साडेसातला सुरू करू. आजोबांची खुर्ची पुढे, बाकीच्यांनी सतरंज्या आणा.

*बी-३०४ काकू:* खिरापत मी करते. आजोबांना बिनसाखरेची वेगळी.