मदत हवी आहे: घरी बनवलेल्या स्विचबॉक्सवरून बंद केलेला दिवा विझत नाही

नमस्कार,

रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांपर्यंत हत्यारे घेऊन जाणाऱ्या आमच्या पिकअपवर इशाऱ्याचे पिवळे दिवे बसवले आहेत आणि ते चालवण्यासाठी चार स्विचांचा बॉक्स मी घरीच तयार केला आहे. दिव्यांची परवानगी रीतसर घेतलेली असल्यामुळे तो विषय इथे नाही. अडचण निव्वळ वायरिंगची आहे आणि दोन रविवार खर्ची घालूनही तिचा उलगडा झालेला नाही.

आधी रचना सांगतो. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर २० अँपिअरचा फ्यूज असून तिथून ४ चौरस मिलिमीटरची वायर बॉनेटखालच्या चार रिलेंपर्यंत (कॉइलला थोडी वीज मिळाली की मोठा प्रवाह जोडणारे स्वयंचलित स्विच) जाते. टपावरचा लाइटबार ६० वॅटचा, म्हणजे सुमारे ५ अँपिअर ओढणारा. कामाचे दोन दिवे मिळून ५४ वॅट. पुढचे आणि मागचे फ्लॅशर एकत्र धरले तरी ३ अँपिअरच्या आतच राहतात. प्रत्येक जोडणीला स्वतंत्र फ्यूज आहे. एवढा प्रवाह डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचांमधून नेणे मी जाणूनबुजून टाळले. स्विचमधून जाते ती फक्त रिलेच्या कॉइलपुरती वीज, साधारण १५० मिलिअँपिअर, आणि ती इग्निशनच्या वायरवरून ३ अँपिअरच्या फ्यूजमार्गे येते. रिलेची ३० क्रमांकाची पिन बॅटरीकडे, ८७ दिव्याकडे, कॉइलचे एक टोक असलेली ८६ स्विचकडे आणि दुसरे टोक असलेली ८५ बॉडी अर्थला (बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेला गाडीचा धातू), अशी नेहमीचीच जोडणी आहे. चारही ८५ पिना इंजिनजवळच्या एकाच बोल्टला गेल्या आहेत.

बॉक्स प्लास्टिकचा आहे. झाकणात चौकोन कापून, कडा कानशीने घासून रॉकर स्विच बसवले (पहिला चौकोन मिलिमीटरभर मोठा झाला आणि तो स्विच आजही दाबला की हलतो, असो). स्विचांना तीन पिना आहेत: पुरवठा, रिलेकडची बाजू आणि स्विचमधल्या दर्शक बल्बच्या अर्थिंगची तिसरी पिन. हे बल्ब एलईडी नसून जुन्या पद्धतीचे बारीक तारेचे आहेत. चारही तिसऱ्या पिना आपसांत जोडून त्यांची एक काळी वायर मी रिंग थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावून डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटला स्क्रूने आवळली आहे.

आता तक्रार. एकच स्विच चालू केला तर बाहेरचा दिवा व्यवस्थित लागतो, पण स्विचमधला बल्ब काहीसा मंद असतो आणि न दाबलेल्या तीन स्विचांचे बल्बही विझत आलेल्या निखाऱ्यासारखे लालसर दिसतात. चारही चालू केले की बाहेर सगळे दिवे लख्ख, मात्र बॉक्सवर एकही बल्ब पेटत नाही. सर्वांत त्रासदायक गोष्ट अशी की, चारही चालू असताना लाइटबारचा स्विच बंद केला तरी लाइटबार लागलेलाच राहतो. आणखी एक स्विच बंद केला की मग रिलेंचा ‘टक्’ असा आवाज येऊन दोन्ही दिवे एकदम विझतात.

रिलेचे संपर्क चिकटले असावेत असे समजून मी नवा रिले लावला, दोन रिले आपसांत बदलूनही पाहिले, फरक पडला नाही. कॉइलवर डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) न लावल्यामुळे असे होत असेल का? की स्विचच सदोष आहेत?

प्रतिसाद १

आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की बॉक्स न पाहताही बोलता येईल. स्विच आणि रिले दोन्ही ठीक असावेत. माझा संशय त्या काळ्या वायरवर आहे, कारण ब्रॅकेटला रंग असणार आणि स्क्रू तो रंग फोडून धातूपर्यंत पोहोचलेला नसणार.

दर्शक बल्बना अर्थिंग मिळाले नाही की वीज दुसरी वाट शोधते: चालू स्विचच्या बल्बमधून काळ्या वायरीवर, तिथून बंद स्विचच्या बल्बमधून उलट, आणि पुढे त्याच्या रिलेच्या कॉइलमधून अर्थला. म्हणून सगळे बल्ब मंद पेटतात. चारही स्विच चालू असले की बल्बच्या दोन्ही टोकांना सारखेच १२ व्होल्ट मिळतात, मग तो पेटणार कसा? लाइटबार विझत नाही याचे कारणही तेच आहे. रिलेचे संपर्क ओढून जोडायला कॉइलला सात-आठ व्होल्ट लागतात, पण एकदा जोडलेला रिले त्याच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी व्होल्टेजवर धरून राहू शकतो, आणि तीन बल्बमधून तेवढे त्याला मिळते. दिवे नीट लागत असल्यामुळे अर्थिंगवर आपला संशय गेला नाही, कारण रिलेंचे अर्थिंग वेगळ्या बोल्टला आहे.

मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी कोणत्याही स्विचच्या तिसऱ्या पिनेला लावून एक स्विच चालू करा. आकडा शून्याच्या आसपास हवा. डायोडचा या दोषाशी संबंध नाही, तरी स्विचच्या संपर्कांचे आयुष्य वाढावे म्हणून वन-एन-४००७ हा डायोड जरूर लावा; त्यावरच्या पट्टीची बाजू ८६ कडे ठेवा, उलट लावलात तर स्विच दाबताक्षणी ३ अँपिअरचा फ्यूज जाईल.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. एक स्विच चालू असताना तिसऱ्या पिनेवर ३.९ व्होल्ट आले आणि चारही चालू केल्यावर १२.४. स्क्रू काढून पाहिला तर थिंबलखाली काळा रंग जसाच्या तसा, ओरखडासुद्धा नव्हता. पॉलिश पेपरने धातू उघडा केला, दातेरी वॉशर घालून आवळले आणि वरून ग्रीस लावले. आता आकडा ०.०२ आहे आणि चारही बल्ब आपापल्या स्विचप्रमाणे पेटतात व विझतात. डायोड पुढच्या रविवारी लावतो. हलणाऱ्या स्विचसाठी मात्र झाकण नव्याने कापावे लागेल असे दिसते.