अनोळखी कॉमिक हिरोवर सिनेमा चालतो की नाही?

रात्रपाळी: काल इथे एकाने ठोकून दिलं की "ज्याचं नाव शाळेतल्या पोरांना माहीत नाही त्या सुपरहिरोवर सिनेमा काढणं म्हणजे पैसे पाण्यात, मॅडम वेब आणि क्रेव्हन हे सिनेमे कसे आपटले बघा". डोकंच फिरलं. अरे, २००८ च्या आधी आयर्न मॅन आपल्याकडे किती जणांना माहीत होता? स्पायडरमॅनचे हक्क सोनीकडे, एक्स-मेनचे फॉक्सकडे, हे सगळे हिरो काढणाऱ्या मार्व्हल कॉमिक्सच्या हातात जे उरलं त्यातला हा गडी. तरी छातीतून वायर काढून गाडीच्या बॅटरीला जोडलेला माणूस गुहेत लोखंड ठोकतोय हे दिसलं की आपण त्याचे झालो, मागचं काही माहीत असायची गरजच पडली नाही. उलट ग्रीन लँटर्न १९४० पासूनचा, अमेरिकेत नाव झालेला, २०११ ला आपटलाच ना? गार्डियन्स ऑफ द गॅलक्सीमध्ये बोलणारा रकून आणि एक झाड, कमाई ७७ कोटी डॉलर!

सांगलीकर: लिहिणारा मीच. गार्डियन्स हा मार्व्हलचा दहावा सिनेमा होता, लोक लोगो बघून गेले. ब्लू बीटल २०२३ ला आला, मनापासून आवडला मला, त्यातली आजी तर कमाल. पण थेटर रिकामं. जगभरात १३ कोटी डॉलरच्या आसपास. चांगला असून काय उपयोग झाला सांगा.

चष्मिष: लोगोचंच म्हणताय तर इटर्नल्सलाही तोच लोगो होता, दिग्दर्शिका ऑस्करवाली होती, तरी लोक कंटाळले. आणि मेन इन ब्लॅक कॉमिकवरूनच घेतलाय, १९९७ ला ते कॉमिक कोणी वाचलं होतं?

सांगलीकर: त्यात विल स्मिथ होता, आदल्याच वर्षी इंडिपेंडन्स डे गाजलेला! म्हणजे ओळखीचं कुणीतरी लागतंच, हिरो नाहीतर नट.

इंद्रजालवाला: तुम्ही सगळे मार्व्हलमध्येच अडकलात. वेताळ घ्या, म्हणजे कॉमिकमधला फँटम. १९३६ पासूनचा, सुपरमॅनच्याही आधीचा. मिरज स्टेशनवरच्या स्टॉलवर त्याच्या गोष्टी छापणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सचा अंक आला की आम्ही भाऊ भाऊ त्यावरून मारामारी करायचो, पुढे आईने सगळा गठ्ठा रद्दीत घातला, त्याचं अजून वाईट वाटतं. त्याच्यावर १९९६ ला सिनेमा काढला आणि अमेरिकेत पावणेदोन कोटी डॉलरही धड मिळाले नाहीत. इंद्रजालने घराघरात पोचवलेला हिरो आणि ही गत! आणि आपला बहादूर? आबिद सुरतींचा, भगवा कुर्ता, जीन्स, चंबळच्या डाकूंशी भिडणारा. त्याच्यावर एकालाही मोठा सिनेमा काढावासा वाटू नये?

चष्मिष: काका, तुमच्या घराघरात होता. १९९६ च्या अमेरिकन पोरांना काय त्याचं? प्रत्येक धाग्यावर इंद्रजाल आणायलाच हवं का?

इंद्रजालवाला: हो, आणणार. १९९० ला ते बंद पडलं आणि मराठी पोरांच्या हातातलं कॉमिकच गेलं, मग आता परदेशातल्या रकूनचं कौतुक करत बसा. ज्यांनी एक अंक हातात धरला नाही त्यांनी मला शिकवू नये.

सांगलीकर: वय काढू नका आणि शिकवणी पण नको. दोघांनाही सांगतोय.

मावशीबाई: भांडू नका रे. फास्टर फेणे २०१७ ला आला, भा. रा. भागवतांचं एक पान माझ्या भाचीने वाचलेलं नव्हतं. अमेय वाघ आवडला म्हणून गेली आणि घरी आल्यावर माझ्याकडून पुस्तकं मागून नेली.

चष्मिष: फेणे कॉमिक नाही हो मावशी.

मावशीबाई: नसू दे. तिच्यासाठी तो अनोळखीच होता ना?

रात्रपाळी: हेच तर म्हणतोय! ब्लेड तरी काय होता, ड्रॅक्युलाच्या कॉमिकमधलं एक दुय्यम पात्र. १९९८ ला साडेचार कोटी डॉलरमध्ये केला आणि तेरा कोटींवर गेला. खर्च बेताचा होता म्हणून निभावलं. अनोळखी हिरोवर वीस कोटी उधळले की मग खापर त्या बिचाऱ्या हिरोवर फुटतं.

सांगलीकर: खर्चाचं पटतं, तेवढंच. आणि बहादूरवर काढलाच कोणी, तर बघायला जाईन, पण आधी नट कोण ते कळू दे.