बंद झालं ते फक्त जेवण नव्हे
अमेरिकेतल्या लाँग-स्टे हॉटेलांत, म्हणजे आठवडे-महिने राहणाऱ्यांसाठीच्या हॉटेलांत, पाहुण्यांना संध्याकाळी फुकट जेवण आणि बिअर-वाइन मिळायची. कुणीतरी म्हटलंय की ती बिअर-वाइन बंद केली तो निव्वळ कंजूषपणा. सगळीकडे तसं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८४ पासून हॅपी अवरवर (ठरावीक वेळी स्वस्तात दारू देण्यावर) बंदी आहे, तिथे फुकट दारू देताच येत नाही.

जेवणाची कपात मात्र मला मनापासून खटकते. ओहायोत कंपनीच्या कामासाठी ऑनसाइटला असताना अशाच एका हॉटेलात तीन महिने काढले. साडेपाचला लॉबीत सूप, सॅलड, भात असायचा. भात वर न्यायचा आणि खोलीतल्या शेगडीवर नुसतं वरण करायचं. तिथेच रोज एक आजी-आजोबा भेटायचे. घर जळाल्यामुळे विमा कंपनीने त्यांना तिथे ठेवलं होतं. दिवसभरात तेवढंच काय ते माणसांत बसणं व्हायचं त्यांचं. आता बऱ्याच ठिकाणी हे जेवण आठवड्यातून एखादीच संध्याकाळ ठेवतात, तर अशांनी उरलेले दिवस कुणाशी बोलायचं?