मदत हवी आहे: खोकड फौजदारणीची चांदमारी, पिस्तूल हातात बसत नाही

रेघोटी (इंदूर): ए-फोर कागद, आधी पेन्सिल, मग जलरंग. खोकड फौजदारीण 18 सेंमी उंच, डोकं 4.5 सेंमी, म्हणजे चार डोक्यांचं अंग. दोन्ही पंजांत 1ए पिस्तूल (भारतीय बनावटीचं 9 मिमी), नेम धरलेला. आपण तिला उजव्या अंगाने, जरा मागून बघतोय. मागे बिजासन टेकडीचा उतार. पंजाला तीन बोटं आणि अंगठा. पिस्तूल डिंकाने चिकटवल्यासारखं दिसतं. नेम धरायला लावलं की मुस्कट मध्ये येतं. आणि कानांवर इअरमफ बसवायचे तरी कुठे?

बोरू: पिस्तूल आधी काढू नका. डोळा, मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य यांतून एक सरळ रेघ मारा, मग त्या रेघेखाली पिस्तुलाचा चौकोनी ठोकळा टांगा. त्यानंतर मनगट, बोटं अगदी शेवटी. आत्ता तुम्ही पंजा आधी पूर्ण करून त्यात पिस्तूल खुपसताय, म्हणून ते चिकटवलेलं वाटतं.

दस्ता नळीला काटकोनात नसतो, खालचं टोक मागे झुकलेलं असतं. मोजायला 105 ते 110 अंश धरा. उजव्या पंजाचा अंगठा आणि तर्जनीमधला खळगा दस्त्याच्या अगदी वर, पिस्तुलाच्या मागे निघालेल्या शेपटाखाली घट्ट भिडू दे. तिथे फट राहिली की पिस्तूल पाण्याच्या बाटलीसारखं धरलेलं दिसतं. नळीची रेघ कोपरापर्यंतच्या हाताच्या रेघेत हवी.

आणि हो, उजवीकडून बघताना अंगठे दिसायलाच नकोत! दोन्ही डाव्या बाजूला, पुढे रोखलेले. तुमच्या स्केचमध्ये डावा अंगठा मागून आडवा गेलाय. गोळी सुटली की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे येते आणि तोच अंगठा सोलते. इकडून दिसेल ते एवढंच: उजव्या पंजाची पाठ, आणि पुढून वळून तिच्या बोटांवर आलेली डाव्या पंजाची दोन-तीन टोकं.

तिरकीरेघ: मुस्कटाबद्दल. हनुवटी 10-15 अंश खाली घ्या, पिस्तूल डोळ्याच्या उंचीवर आणा. नजरेची रेघ नाकावरून निघून जाईल. पण मग बाहू तोकडे पडतात. मनगट नाकाच्या टोकापुढे किमान एक पंजा हवं, नाहीतर मागे येणारी स्लाइड थेट नाकावर. बाहू लांबवणं जमत नसेल तर मुस्कट थोडं आखडा. खोकडाचे डोळे समोर बघणारे आहेत हे नशीब. ससा असता तर नेम कुठल्या डोळ्याने, हाच वाद झाला असता.

पिस्तूल अंगाच्या नाही, पंजाच्या मापाने ठरवा. खरं पिस्तूल साधारण 20 सेंमी, माणसाचा पंजा 19. तुमचा पंजा 2.8 सेंमी असेल तर पिस्तूल 3 सेंमीच्या आत.

इअरमफची वाटी कानाच्या टोकावर नको, बुडाशी. भोक तिथे असतं. पट्टी डोक्यामागून फिरवा, कानांची टोकं वर मोकळी राहू देत.

खडू: 1ए सिंगल ॲक्शन आहे, चाप घोडा नुसता सोडतो, मागे ओढत नाही. म्हणजे नेमाच्या क्षणी घोडा मागे ओढलेलाच हवा. तुम्ही पुढे पडलेला काढलाय. पुंगळ्या बाहेर पडायची खिडकी उजव्याच बाजूला, ती दिसली पाहिजे. मॅगझिन 13 गोळ्यांचं, तेव्हा पायाशी पंचवीस पुंगळ्या पेरू नका.

खांद्यावर दोन तारे आणि लाल-निळी फीत, म्हणजे सब-इन्स्पेक्टर, बरोबर. खाली नावात मात्र 'टी.आय.' (टाउन इन्स्पेक्टर) लिहिलंय, त्याला तीन तारे लागतात. इंदुरात हे कुणीही पकडेल.

रेघोटी: सगळं उतरवलं, पंजा आता बसला. दोन शंका. तर्जनी चापावर ठेवू का? आणि लक्ष्याचा पुठ्ठा तिच्याच उंचीचा आहे, मागे किती लहान काढू?

बोरू: गोळी सुटतेय असं दाखवायचं नसेल तर तर्जनी चापाच्या कड्याबाहेर, चौकटीला लागून सरळ. नखही आखूड करा, कड्यात अडकेल इतकं लांब आहे.

पुठ्ठ्याचं गणित: पाहणारा तिच्यापासून 5 मीटरवर आणि पुठ्ठा तिच्याही पलीकडे 15 मीटर, तर एकूण 20, म्हणजे तो पाव उंचीचा, 4.5 सेंमी. त्यामागे मातीचा बट (गोळ्या अडवणारा बांध) त्याच्यापेक्षा उंच हवा, मोकळं आकाश नको.

तिरकीरेघ: शेपूट वर उडवू नका. भार पुढच्या बोटांवर, गुडघे किंचित वाकलेले, शेपूट मागे खाली ताणलेली. धक्का झेलायला तयार दिसेल.