आई बायपॅपवर आहे, चार दिवस पोटात काही नाही. डॉक्टरांना काय विचारू?

मालवणची धाकटी:
आम्ही मालवणचे. आई कुडाळला आयसीयूत आहे. वय ६३, उंची पाच फूट, वजन १०८ किलो. गुरुवारी पहाटे हाक मारली तर डोळे उघडेना. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला होता. तेव्हापासून बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा मास्क. आता ती पूर्ण शुद्धीवर आहे, मला ओळखते, रिपोर्टही सुधारतायत. पण पोटात गेलंय ते सलाईन आणि चार चमचे पाणी. काल मास्क जरा काढला तर म्हणाली, "वायच पेज दी गो." थर्मासमध्ये उकड्या तांदळाची पेज होती माझ्याकडे, आत नेऊ दिली नाही. रात्रपाळीला विचारलं तर उत्तर मिळालं, "एवढं वजन आहे, चार दिवसांनी काय होतंय?" जिन्यात बसून रडले मी. खरंच चालतं का हो असं? उद्या राउंडला नेमकं काय विचारू?

आहारतज्ज्ञ, रत्नागिरी:
नाही चालत, ताई. निरोगी माणूस उपाशी राहिला की चरबी जळते. पण एवढ्या आजारात शरीर स्नायूही तोडतं, आणि त्यात श्वासाचे स्नायूही आले. वरून जाड दिसणाऱ्या पेशंटचे स्नायू आतून आधीच कमी असू शकतात. वजन बघून "हिला चालेल" म्हणणं मी वॉर्डात वर्षानुवर्षं ऐकलंय, आणि दर वेळी भांडले आहे.

पहिल्या दिवशी उपाशी ठेवलं ते मात्र बरोबर. मास्कची हवा पोटातही जाते, पोट फुगतं, आणि गुंगीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. म्हणून पेज गुपचूप अजिबात देऊ नका.

उद्या विचारा: गिळण्याची तपासणी झाली का? मास्क किती वेळ काढता येईल, आणि तेवढ्यात बसवून भरवता येईल का? जमणार नसेल तर नाकातून नळी घालणार का? नळीमुळे मास्कमधून हवा गळते हे खरं, पण त्यावर उपाय असतात. आणि खाणं सुरू करण्याआधी फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासायला सांगा. उपाशी शरीराला एकदम खाणं मिळालं की फॉस्फरस खाली येतो, मग छातीचा पडदाच थकतो आणि मास्क सुटायला वेळ लागतो. थायमिनचंही (व्हिटॅमिन बी-१) विचारा.

किती द्यायचं, तर २०१६ च्या अमेरिकन मार्गदर्शनाप्रमाणे आयसीयूतल्या अशा पेशंटला खऱ्या वजनाच्या किलोमागे रोज ११ ते १४ कॅलरी, म्हणजे आईंना साधारण १२०० ते १५००. प्रोटीन मात्र उंचीप्रमाणे धरलेल्या आदर्श वजनावर, किलोमागे अडीच ग्रॅमपर्यंत, म्हणजे शंभराच्या पुढे. युरोपातला प्रोटीनचा हिशोब याहून कमी येतो, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आकडा बदलतो, म्हणून तो तिथल्या आहारतज्ज्ञांनीच ठरवावा. पेजेत प्रोटीन नावालाच. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं. साखर, ग्लुकोज भरमसाट नको. जास्त कॅलरी म्हणजे जास्त कार्बन डायऑक्साइड, आणि तोच तर आईंना बाहेर टाकता येत नाहीये.

देवगडचा:
माझे बाबा दोन वर्षांपूर्वी असेच होते. मास्क काढला की नाकात साधा ऑक्सिजन लावायचे. तो मनाने वाढवू नका, बाबांच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांतच ठेवायला सांगितलं होतं. तोंड इतकं कोरडं पडायचं की पहिला घास फिरायचाच नाही. आधी ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसायचो, मग भरवायचो. शहाळ्याचं पाणी विचारल्याशिवाय देऊ नका, त्यात पोटॅशियम भरपूर. आणि रोज पोटात नक्की किती गेलं ते वहीत लिहा. "खाल्लं" एवढंच कुणी लिहीत असेल तर भागत नाही.

मालवणची धाकटी:
दोघांचेही खूप आभार. सकाळी वही घेऊनच उभी राहिले. मोठ्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं, आहारतज्ज्ञांना बोलावलं. फॉस्फरस कमी निघाला, तो सलाईनमधून सुरू झालाय. गिळणं ठीक आहे. दिवसातून पाच वेळा वीस-वीस मिनिटं मास्क काढायचा, पाठ टेकवून सरळ बसवायचं, मग भरवायचं. पहिल्यांदा प्रोटीनची पावडर घातलेली पातळ पेज, ६० मिली. निम्म्यावर दमली, थांबलो. मीठ कमी आहे म्हणाली.