अकॅड.डीडब्ल्यूटी की अकॅडआयएसओ.डीडब्ल्यूटी?

रेघोट्या_म्हापसा: ऑटोकॅडमध्ये (नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘न्यू’ केलं की टेम्प्लेटची (डीडब्ल्यूटी, म्हणजे आयत्या सेटिंग्जच्या फायलींची) रांग लागते: अकॅड, अकॅडआयएसओ, दोन्हींच्या ‘नेम्ड प्लॉट स्टाइल्स’वाल्या, वर थ्रीडी. फरक काय? बार्देशातल्या एका घराचा प्लॅन मिमीमध्ये काढलाय, सुरुवात अकॅड.डीडब्ल्यूटीने. आता २३० मिमीच्या चिऱ्याच्या भिंतीतला एएनएसआय३१ हॅच (तिरप्या रेघांची भरण) काळाकुट्ट दिसतो, सेंटरलाइन (तुटक हवी ती) सलग. युनिट्समध्ये मिलिमीटर निवडलं, काडीचा फरक नाही.

चिरेबंदी: पडणारही नाही. ती नोंद (इन्सयुनिट्स) बाहेरून येणारा ब्लॉक (तयार आकृती) किंवा एक्सरेफ (जोडलेलं दुसरं ड्रॉइंग) किती पटीने आणायचा तेवढंच बघते. हॅच आणि लाइनटाइप (रेघेचा प्रकार) कुठल्या फायलीतून उचलायचे हे ‘मेझरमेंट’ ठरवतं: अकॅडमध्ये ० (इंच), आयएसओमध्ये १ (मेट्रिक). एएनएसआय३१च्या रेघांतलं अंतर इंचाच्या फायलीत ०.१२५, मेट्रिकमध्ये ३.१७५. तुमच्या भिंतीत दर ०.१२५ मिमीला रेघ पडतेय, मग काळं दिसणारच.

मेझरमेंट १ करा. जुने हॅच मात्र आपोआप सुधरत नाहीत, पुन्हा भरा. स्केल २५ ठेवलं की १:१०० च्या कागदावर रेघांत साधारण ०.८ मिमी अंतर येतं, भिंतीच्या जाडीत दोनेक रेघा बसतात. सेंटर लाइनटाइप नव्याने ‘लोड’ करा, रीलोडला होय म्हणा. तरी सलग दिसली तर मॉडेलमधला अ‍ॅनोटेशन स्केल (छपाईचं प्रमाण) १:१०० आहे का बघा, मग रीजेन (चित्र ताजं करा).

प्लॉटरवाला: ‘नेम्ड’वाली चुकून उघडू नका. साध्या टेम्प्लेटमध्ये पेनाची जाडी रंगावरून ठरते (सीटीबी), नेम्डमध्ये लेअरला स्टाइल द्यावी लागते (एसटीबी). नेम्डमध्ये काढलेल्या ड्रॉइंगच्या प्लॉट (छपाई) यादीत तुमची सीटीबी दिसतच नाही, आणि हे कळतं ते प्रिंटच्या दुकानात! ‘कन्व्हर्टपीस्टाइल्स’ने परत फिरता येतं, पण दिलेल्या स्टाइल्स जातात. थ्रीडीवाली पर्स्पेक्टिव्हमध्ये उघडते, प्लॅनला निरुपयोगी.

चिरेबंदी: आणि टेम्प्लेट म्हणजे फक्त सुरुवातीची प्रत. नंतर डीडब्ल्यूटी बदलली तरी जुन्या ड्रॉइंगला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून आयएसओवरून स्वतःची एक करून ठेवा: लेअर, २.५ मिमीची अ‍ॅनोटेटिव्ह अक्षरं (छपाईच्या प्रमाणाप्रमाणे आपोआप लहानमोठी होणारी), ए१ आणि ए३ लेआउट पेज सेटअपसह. नको ते तेवढंच पर्ज करून (काढून टाकून; सरसकट केलं तर तुमचे रिकामे लेअरही जातील) डीडब्ल्यूटी म्हणून सेव्ह. मापपद्धती विचारेल, मेट्रिक निवडा. मग ऑप्शन्स, फाइल्स, टेम्प्लेट सेटिंग्जमध्ये क्यून्यूला (झटपट ‘न्यू’ला) ती फाइल द्या. सर्व्हेचा प्लॅन मीटरमध्ये असला तर त्या फायलीत इन्सयुनिट्स ६ (मीटर) करून सेव्ह करा आणि मगच एक्सरेफ जोडा. तुमच्याकडे ४ (मिलिमीटर) असल्यावर तो आपसूक हजार पटीने येतो.